धागा: लाकडी स्टॉकमध्ये बॅरल फ्री-फ्लोट करणे (नळी लाकडाला टेकू न देता मोकळी ठेवणे) – घरी कितपत जमतं?

दहाचा_ठिपका (सोलापूर, विजापूर रोड)

मंडळी, .२२ बोल्ट-ॲक्शन रायफल, परवान्याची, टार्गेटसाठीच. अक्रोडाचा जुना स्टॉक, बॅरल ६०० मिमी, चेंबरजवळ (गोळी बसते तिथे) २२ मिमी आणि मझलला (नळीच्या तोंडाशी) १७ मिमी. ५० मीटरवर वाळूच्या पिशवीवरून ५ गोळ्यांचा ग्रुप (पसारा) २० ते २२ मिमी.

ग्रुप वाईट नाही, तक्रार वेगळी आहे. फेब्रुवारीत साधलेला झिरो (नेम आणि गोळी जुळवलेली जागा) जुलैत १२ मिमी डावीकडे सरकतो. त्याच दिवशी पिशवीऐवजी बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला की सगळा ग्रुप १५ मिमी वर. स्कोपचे माउंट तपासले, घट्ट आहेत. गोळी त्याच लॉटची.

बॅरल आणि लाकडामध्ये उजव्या बाजूला कागदही जात नाही. चॅनल (बॅरलची लाकडातली खाच) घासून बॅरल मोकळी करावी का? किती घासायचं, कशाने, आणि कुठे हात लावायचा नाही?

---

लेथवाला_अण्णा

मालक, निम्मं निदान तुम्हीच केलंय. ग्रुप तेवढाच राहून जागा बदलते म्हणजे बॅरलला बाहेरून कुणीतरी ढकलतंय. ग्रुपच फुटला असता तर आधी ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या लोखंडी भागाचे) स्क्रू, मझलचा क्राउन (तोंडाची कड), गोळी, स्कोप बघावं लागलं असतं. त्याला फ्लोट हा इलाज नाही.

हिशोब करून बघा. ६०० मिमी बॅरलचं टोक लाकडाने फक्त ०.०५ मिमी ढकललं, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढं, तर टोकाचा कोन बदलून ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिमी सरकते. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर. कागदाच्या निम्म्या जाडीत पाऊण रिंग गेली.

आता लाकूड. अक्रोड आडव्या दिशेत दर १ टक्का ओलाव्याला साधारण पाव टक्का फुगतं. फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) ४५ मिमी रुंद धरा. आपल्याकडचा मे आणि ऑगस्ट यात लाकडाचा ओलावा ५ टक्क्यांनी बदलला तरी अर्धा मिलिमीटर फरक. तो दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही, रेषा जिकडे वाकड्या तिकडे पिळ बसतो. तुमचा डावीकडचा १२ मिमी तिथून आलाय.

---

शंकेखोर

पण फ्लोटिंग तर बॅरल गरम होते म्हणून करतात ना? .२२ ला कुठली एवढी उष्णता?

---

लेथवाला_अण्णा

मोठ्या काडतुसाच्या रायफलीला ते खरं. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. लांबीत वाढलं तर वाढू दे, पण एका बाजूला लाकूड टेकलेलं असलं की बॅरल गरम होताना तिथला दाब बदलत जातो आणि गोळ्या एका रेषेत चालत सुटतात. .२२ मध्ये हे जवळपास नसतंच. इथे तीन दाब महत्त्वाचे: फुगलेलं लाकूड, बायपॉड किंवा हाताने वाकणारा फोरएंड, आणि ताणलेली स्लिंग (पट्टा). हां, एप्रिल-मेमध्ये काळी बॅरल उन्हात ठेवली तर एका अंगाने तापून वाकते, पण त्याला सावली लागते, पॉलिश पेपर नाही.

---

बट_स्टॉक_ताई

घासण्याच्या आधी दोन तपासण्या. पॉलिश पेपर शेवटी.

आधी रायफल रिकामी. मॅगझीन काढा, बोल्ट बाहेर, चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटाने खात्री. गोळ्या दुसऱ्या खोलीत.

नोटेची चाचणी: दहाची नोट मझलकडून बॅरलखाली घाला आणि दोन्ही टोकं धरून ॲक्शनकडे ओढत न्या. जिथे अडकते तिथे लाकडावर पेन्सिलीने खूण. मग हीच चाचणी फोरएंड बायपॉडवर टेकवून, वरून हाताने दाबून करा. मोकळ्या हवेत सरकणारी नोट दाब दिल्यावर अडकली तर गॅप कमी आहे. बहुतेक जण ही दुसरी पायरी गाळतात आणि "फ्लोट करूनही फरक नाही" म्हणत बसतात.

डायलची चाचणी: डायल गेजचा स्टँड बॅरलला बांधा, सुई फोरएंडच्या टोकावर. पुढचा ॲक्शन स्क्रू हळूहळू सैल करा. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर ॲक्शन स्टॉकमध्ये वाकवून बसवलेली आहे. मग आधी बेडिंग (ॲक्शनची लाकडातली बैठक), नंतर फ्लोट. ॲक्शनच डुलत असेल तर फोरएंडचा टेकू काढल्यावर रायफल आधीपेक्षा वाईट मारते. टेकू निदान तिला धरून तरी ठेवत होता.

---

दहाचा_ठिपका

ताई, डायल लावला. पुढचा स्क्रू सैल केल्यावर ०.०३. नोट तीन ठिकाणी अडकते: टोकापासून ४० मिमीवर उजवीकडे, मध्ये तळाला, आणि चेंबरच्या पुढे ३० मिमीच्या पट्ट्यात पूर्ण. बायपॉडवर दाबल्यावर टोकापासून १२० मिमीपर्यंत सगळीकडे अडकते.

---

बट_स्टॉक_ताई

०.०३ म्हणजे बेडिंग ठीक. चेंबरपुढच्या ३० मिमीला हात लावू नका, तो वजन पेलणारा पट्टा आहे.

आता एकही कण न घासता फ्लोट करून बघा. ॲक्शन आणि स्टॉकच्या मध्ये, दोन्ही स्क्रूंच्या जागी, ०.५ मिमी पितळी पत्र्याचा एकेक वॉशर ठेवा, स्क्रूच्या भोकाभोवती बसेल असा. ॲक्शन वर उचलली जाते आणि बॅरल लाकडापासून सुटते. बाजूने चिकटलेली असेल तर पुरती सुटणार नाही, पण तळाचा दाब जातो. स्क्रू अर्धा मिलिमीटर कमी बसेल, निदान चार-पाच आटे धरतायत ना ते मोजा. ट्रिगर आणि मॅगझीन नीट चालतंय ना तेही. असे ५ गोळ्यांचे ४ ग्रुप मारा, दोन पिशवीवरून, दोन बायपॉडवरून. दोन्हीतला १५ मिमीचा फरक आटला तर घासायला घ्या. हे फक्त .२२ किंवा एअर रायफलला. जोरात धक्का देणाऱ्या रायफलीला वॉशरवर उभी करून मारू नये.

---

ब्रेक_बॅरल

माझी .१७७ ची मोडून भरायची एअर रायफल आहे. १० मीटरवर ग्रुप १२ मिमी. हिचीपण बॅरल फ्लोट करू का?

---

लेथवाला_अण्णा

लका, तुझी बॅरल मुळातच कशाला टेकत नाही, ती पिव्होटवर (बिजागरीवर) लटकते. फ्लोट करायला काही शिल्लकच नाही. तिथे बघायचं ते हे: फोरएंडच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू (स्प्रिंगच्या धक्क्याने दर शे-दोनशे छर्‍यांना ढिले होतात, निळं थ्रेडलॉक लाव), पिव्होट बोल्टचा खेळ, आणि ब्रीच सील (बॅरल बंद होते तिथली हवा अडवणारी कडी). बॅरल बंद करून टोकाला डावी-उजवी हलवून बघ, खडखडली तर पिव्होट. ब्रीचवर टिश्यूचा तुकडा धरून मार, उडाला तर सील गेलं. आणि फोरएंड घट्ट आवळून धरू नकोस. स्प्रिंगची रायफल तळहातावर नुसती ठेवायची.

---

दोनशे_बार

पीसीपीवाल्यांसाठी (आधी हवा भरून ठेवायची एअर रायफल) जोडतो, कारण तिथे "फ्लोट" चा अर्थ बदलतो. बहुतेक पीसीपीत बॅरल लाकडाला शिवतच नाही, स्टॉकमध्ये हवेचा सिलिंडर बसलेला असतो आणि बॅरल त्याच्या वर. दोघांना टोकाजवळ एक कडं जोडतं. सिलिंडर २०० बारवरून १०० वर आला की त्याचा ताण किंचित बदलतो, कडं तो बदल बॅरलला देतं. लक्षण ओळखीचं: भरल्यावर पहिल्या दहा छर्‍यांची जागा एक, शेवटच्या दहांची दुसरी. पण वेगही सोबत घसरत असेल तर आधी क्रोनोग्राफवर वेग बघा. वेग सारखा असूनही जागा सरकली, तरच कडं दोषी.

उपाय: कडं काढून टाकणं किंवा त्याचं भोक बॅरलपेक्षा १ मिमी मोठं करून घेणं. पण मग बॅरल फक्त ब्रीचमधल्या ग्रब स्क्रूंवर (बिनडोक्याच्या स्क्रूंवर) उभी राहते. ते M४ चे दोनच असतील आणि बॅरलवर त्यांच्यासाठी खाचे नसतील तर कडं राहू द्या. रायफल कव्हरमध्ये घालताना एक टक्कर बसली की झिरो गेला. ग्रब स्क्रू सोडवण्याआधी सिलिंडर पूर्ण रिकामा, गेजवर शून्य.

---

रंधा_आणि_पटाशी

लाकडाचं मी सांगतो.

सुताराकडे फक्त स्टॉक न्यायचा, रायफल नाही. परवान्याचं हत्यार दुसऱ्याच्या हातात दोन तास सोडून चहाला जाणं हा गुन्हा आहे, सुतार कितीही ओळखीचा असो. लाकडाला बॅरल लागत नाही, बॅरलच्या मापाचे दांडे लागतात.

माप असं काढा. प्रत्येक बाजूला १.५ मिमी गॅप हवी. मझलकडे बॅरल १७, म्हणजे चॅनल २० हवा. ८० नंबरचा पॉलिश पेपर सुमारे अर्धा मिमी जाड, दोन्ही बाजूंचा मिळून १ मिमी. म्हणून दांडा १९ चा. चेंबरकडे २२, चॅनल २५, दांडा २४ चा. मधल्या भागाला पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप, बाहेरून २२.२ मिमी असतो, नेमका बसतो. बाकीचे दोन अण्णांसारख्या लेथवाल्याकडून सागाचे किंवा नायलॉनचे करून घ्या, २०० मिमी लांब पुरे. एकाच दांड्याने पूर्ण चॅनल घासला की उतरती बॅरल आणि सरळ चॅनल, टोकाला दात काढल्यासारखी फट.

पॉलिश पेपर दांड्याला दुहेरी टेपने चिकटवा. हातात धरून गुंडाळलेला कागद कडा गोल करतो आणि वरून बघताना गॅप वाकडी दिसते. कडेला बाहेरून मास्किंग टेप, नाहीतर पॉलिशवर ओरखडे.

कुठे घासायचं ते ब्ल्यू (खुणेचा निळा रंग) सांगेल. बॅरलवर मार्किंग ब्ल्यू बोटाने अगदी पातळ पुसा, स्टॉकमध्ये बसवा, दोन्ही स्क्रू आवळा, काढा. ब्ल्यू नसेल तर काजळ थोड्या तेलात. जिथे निळा डाग तिथेच वीस-पंचवीस फेऱ्या, पुन्हा बसवून बघा. पहिल्या तासात डाग जागा बदलत राहतात, घाबरू नका. डाग संपले की मग सगळीकडून सारखी गॅप वाढवायची. आधी ८०, शेवटचा पाव मिमी १२०, मग २४० ने दोन हात.

ड्रेमेल वापरू नका. एका सेकंदात खड्डा पडतो, आणि तो खड्डा वरून दिसतो.

---

शंकेखोर

१.५ कशाला? मॅच रायफलींना तर त्याहून कमी दिसते.

---

रंधा_आणि_पटाशी

ॲल्युमिनियमचा किंवा लॅमिनेटचा स्टॉक असेल तर कमी चालते. साध्या एकसंध अक्रोडाला सोलापुरात मे आणि ऑगस्ट दोन्ही काढायचे आहेत. शिवाय बायपॉड आहे. १ मिमीत धूळ आणि काडी अडकते, म्हणजे पुन्हा टेकली. २ च्या पुढे गेलात तर फोरएंडच्या भिंती पातळ होतात आणि तो जास्तच वाकतो. भिंत ५ मिमीच्या खाली उतरवू नका.

---

जुनी_पलटण

सगळेच फ्लोटच्या मागे लागलेत म्हणून एक विरुद्ध मत. ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग घ्या, ली-एनफिल्डच्या घराण्यातली. त्या घराण्याची बॅरल बारीक आणि ॲक्शन मागून लॉक होणारी. फोरएंडच्या टोकाशी वरच्या दिशेने दाब देणं हा तिच्या बेडिंगचाच भाग आहे. तो काढून टाकला की पुष्कळदा ग्रुप मोठा होतो. ज्या रायफलीचं गणितच टोकाच्या टेकूवर आहे तिचं लाकूड घासू नका.

---

बट_स्टॉक_ताई

सहमत. बारीक बॅरलला फ्लोट केल्यावर ग्रुप मोठा झाला तर टोकाशी व्हिजिटिंग कार्डाचे दोन-तीन तुकडे घालून दाब परत देऊन बघता येतो. फायदा झाला तर तिथे इपॉक्सीची छोटी गादी. पण दाबाचा टेकू लाकडावर उभा असल्याने पावसाळ्याचा प्रश्न परत येतो. ठिपका यांची बॅरल मझललाही १७ मिमी आहे, ती टेकूशिवाय उभी राहील.

---

नियमपाळ

अवांतर, पण लिहून ठेवतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दुरुस्ती आणि फेरफार परवान्याखाली येतात आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं वेगळा गुन्हा आहे. हा धागा स्टॉकच्या लाकडापुरता राहू द्या. बॅरल, क्राउन, बोल्ट, ट्रिगर यातलं काहीही परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. लाकडाबद्दलही शंका असेल तर तेही त्याच्याकडून करून घ्या. .१७७ आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, हात साफ करायचा तर त्यावर करा. आणि चाचणीच्या गोळ्या रेंजवर, शेतात नाही.

---

दहाचा_ठिपका

वॉशरची चाचणी झाली. पिशवी आणि बायपॉड यातला फरक १५ वरून ५ मिमीवर आला. ग्रुप आहे तेवढाच. म्हणजे घासायला हरकत नाही ना? आणि घासून उघडं पडलेलं लाकूड, त्याला जवसाचं तेल चालेल?

---

रंधा_आणि_पटाशी

घासा. ते ५ मिमी उजव्या बाजूच्या चिकटलेल्या जागेचे.

जवस तेल दिसायला छान, पण ओलावा फारसा अडवत नाही. चॅनलच्या आत दिसण्याचा प्रश्नच नाही, तिथे पीयू (पॉलियुरेथेन वॉर्निश). पहिला हात थिनरने निम्मा पातळ करून, लाकडात जिरेल असा. मग दोन हात नेहमीचे, प्रत्येकी २४ तास सोडून, मध्ये ३२० चा हलका हात. बटप्लेट काढून तिच्या खालचं आडवं कापलेलं लाकूड, स्क्रूची भोकं, मॅगझीनची खाच, सगळीकडे लावा. टोकाकडून लाकूड सर्वात जास्त पाणी पितं आणि कारखान्यातून आलेले स्टॉक नेमके तिथेच कोरडे असतात. पीयूचा थर दोन्ही बाजूंनी मिळून पाव मिमी जागा खातो, हे मापात धरा.

भर पावसाळ्यात सील करू नका, ओलावा आत कोंडला जाईल. आता जुलै आहे. काम दिवाळीनंतर. मे महिन्यातही नको, ४२ अंशात पीयू ब्रशखालीच ओढला जातो आणि रेघा राहतात.

---

लेथवाला_अण्णा

स्क्रूबद्दल कुणी बोललं नाही, आणि निम्मे फ्लोट तिथेच वाया जातात. नुसत्या लाकडावर ३ ते ४ न्यूटन-मीटर, त्यापुढे लाकूड चेपतं आणि दर वेळी ॲक्शन थोडी खाली बसते. ती खाली बसली की तुमची १.५ मिमी गॅप १.२ होते. रायफल उभी धरून, बट जमिनीवर, आधी पुढचा स्क्रू, मग मागचा. पाना टॉर्कचाच. "हाताला कळतं" म्हणणाऱ्यांचे स्क्रू मी खूप काढलेत, डोक्याच्या खाचा खाल्लेले.

कायमचं करायचं तर ॲल्युमिनियमचे पिलर (स्क्रूभोवती लाकडात बसवायच्या नळ्या). बाहेरून १२ मिमी, आतून ६.५ (M६ स्क्रूसाठी), लांबी ॲक्शनच्या तळापासून ट्रिगर गार्डच्या बैठकीपर्यंत नेमकी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सुटे भाग कातणारा कुणीही बुश म्हणून करून देईल. चिकटवायला २४ तासांचं संथ इपॉक्सी, पाच मिनिटांचं नको. स्क्रूला आणि ॲक्शनला मेणाचं पॉलिश दोनदा, ट्रिगरच्या खाचेत मुलांची क्ले भरून घ्या. एक जागा जरी मेणाविना राहिली तर ॲक्शन स्टॉकला आयुष्यभरासाठी जोडली गेली. पिलरवर ५ ते ६ न्यूटन-मीटर चालतो. तुमचा डायल ०.०३ दाखवतोय, तुम्हाला आज गरज नाही.

---

दहाचा_ठिपका

*(नोव्हेंबर)* धागा वर काढतोय. दांडे १९, २२.२ आणि २४. घासायला चार तास, त्यातला एक ब्ल्यू लावण्या-पुसण्यात. चेंबरपुढचा पट्टा तसाच. पीयू तीन हात. बायपॉडवर दाबून दुहेरी नोट त्या पट्ट्यापर्यंत न अडकता जाते. ३.५ न्यूटन-मीटर.

पिशवी ते बायपॉड फरक २ मिमी. ग्रुप १९ ते २२, म्हणजे होता तिथेच.

एक अडचण. आधी नसलेली ट्रिगरची घसट आता जाणवते. ट्रिगर गार्ड आत जास्त बसलंय का?

---

लेथवाला_अण्णा

गार्डखाली पीयूचा ओघळ वाळला असेल. गार्ड काढा, बैठकीच्या कोपऱ्यात नखाने खरवडून बघा. गाठ लागली तर पटाशीने तेवढीच उडवा आणि परत ३.५ ला आवळा.

---

दहाचा_ठिपका

होती. मागच्या स्क्रूच्या भोकाशी, मुगाच्या डाळीएवढी. गेली.

---

शंकेखोर

वाखू (वाचनखूण) साठवली. जुलैतला झिरो कळवा.